कुत्रं कुणाचं?

साताऱ्यात कोरेगावच्या रस्त्याला, संगमनगरच्या बाजूला आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी टाकलेली, आता मी चालवते. गिरणीत दळणाबरोबर सल्ले फुकट मिळतात आणि अनोळखी कुत्रं दिसल्यावर मिळणारे सल्ले तर ठरलेलेच आहेत. एक जण म्हणतो बिस्कीट टाका, दुसरा म्हणतो दगड घाला, उरलेले सगळे म्हणतात, "पालिकेला फोन लावा, घेऊन जातील." कुठं घेऊन जातील ते कुणी सांगत नाही. हे कुत्रं आहे कुणाचं, एवढा साधा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं काहीच ठरवता येत नाही, असं माझं आता पक्कं मत आहे. रस्त्यावर दिसलेलं कुत्रं त्या रस्त्याचंच असू शकतं, कुणाच्या घरातून सुटलेलं असू शकतं, कुणी मुद्दाम आणून टाकलेलं असू शकतं. आणि आमच्या भागात चौथीही एक शक्यता असते. ती मला दळणाला आलेल्या एका म्हाताऱ्या माणसामुळं कळली.

२०२५ची दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी शटर वर केलं तर समोरच्या बंद गाळ्याच्या पायरीखाली तांबड्या रंगाचं एक उंच कुत्रं अंग चोरून बसलेलं. लांबट तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. उठलं तेव्हा पुढचा उजवा पाय टेकवत नव्हतं. पहिल्याच गिऱ्हाइकानं निकाल दिला, "महिनाभर अन्न नाही त्याच्या पोटात."

मी जवळ गेले नाही. चक्की चालू केली आणि दारातून बघत राहिले. दुखावलेलं जनावर मायेनं पुढं केलेल्या हातालाही चावतं, त्यात त्याचा दोष नसतो. लांबून बघायचं काय, तर आधी ते पिसाळलेलं नाही ना, हे. लाळेच्या तारा, झोकांड्या, घोगरा झालेला आवाज, समोर येईल त्याला चावत सुटणं, ही लक्षणं ऐकून सगळ्यांना माहीत असतात. पण रेबीज झालेली सगळीच कुत्री अंगावर येत नाहीत. काही नुसती अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडतात, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही. आणि "बिचाऱ्याच्या घशात हाड अडकलंय" म्हणून कुणीतरी कनवाळू माणूस तोंडात हात घालतो. त्यामुळं पायरीखाली गप्प बसलेलं कुत्रं बघून मी निर्धास्त नव्हते. डब्याचं जुनं झाकण पाण्यानं भरलं आणि काठीनं त्याच्याकडं सरकवलं. त्यानं लपलप करत सगळं पाणी संपवलं आणि वर माझ्याकडं बघितलं. एवढ्यावरून पुरती खात्री होत नसते, पण गिळता येतंय एवढं तरी कळलं.

मग कान. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या कानाला खाच आहे. नसबंदी करून रेबीजची लस टोचली की अशी खाच मारतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा धरून नेलं जात नाही. खाचवालं कुत्रं दिसलं की ते त्याच भागातलं समजावं. ते आपल्याला सापडलेलं नसतं, आपणच त्याच्या हद्दीत उभे असतो. त्याला उचलून घरी नेणं किंवा लांब सोडणं, दोन्ही त्याचं घर मोडण्याचे प्रकार आहेत. या पाव्हण्याच्या कानाला खाच नव्हती. गळ्याभोवती मात्र केस घासून गेलेले आणि कातडं काळपट पडलेलं दिसत होतं. म्हणजे गळ्यात दोरी किंवा पट्टा होता. आमची कुत्री कोपऱ्यावर उभी राहून त्याच्या नावानं शिमगा करत होती, त्याअर्थी ते या भागातलं नव्हे हे त्यांनीच सांगून टाकलं.

गळ्याला घट्टा आणि दिवस दिवाळीनंतरचे. फटाक्यांना भिऊन घरची कुत्री साखळी तोडून पळतात आणि आवाज थांबेपर्यंत धावतात. थांबतात तेव्हा वाट चुकलेली असते. दिवाळीत आणि गणपतीच्या मिरवणुकांच्या दिवसांत सापडलेलं कुत्रं आधी हरवलेलं धरावं, हा हिशेब मी मनात मांडतच होते. शेजारच्या वहिनींनी डाळभात आणला. त्यानं हुंगला आणि तोंड फिरवलं. बिस्किटाकडं बघितलंही नाही. मी बाजरीची भाकरी ताकात कुस्करून ठेवली, तर ताटली चाटूनपुसून लख्ख. भाकरी मुद्दाम थोडीच घातली होती. उपाशी जनावराला एकदम पोटभर घातलं की ओकतं किंवा ढाळ लागते. थोडं थोडं, दिवसातनं तीन-चार वेळा घालावं. घरातलं शिळंपाकं घालताना कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यांतलं काही त्यात नाही ना, हे बघायचं. कुत्र्याला ते विष आहे. निव्वळ दूधही मोठ्या कुत्र्यांना बऱ्याचदा सोसत नाही.

दळणाला आलेले आबा हे सगळं बघत उभे होते. माण तालुक्यातले, इथं लेकीकडं राहायला आलेले.

"पोरी, हे उपाशी न्हाई. ह्याचं अंगच असलं. कारवानी हाय."

"मग कुणाच्या बंगल्यातनं सुटलं म्हणायचं?"

"बंगल्यातलं भात खातंय. हे मेंढरामागचं. वाडा गेला आसंल फुडं, ह्यो पायापायी मागं ऱ्हायला."

दिवाळी झाली की माण, खटाव, फलटणकडचे मेंढपाळ वाडे घेऊन पश्चिमेला, कोकणाच्या अंगाला निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी फिरतात. वाडा म्हणजे मेंढरं, घोड्यांवर लादलेला संसार, बायकापोरं, कोंबड्या आणि राखणीची कुत्री. आमच्या रस्त्यानं हे दर वर्षी दिसतं. आपण हॉर्न वाजवतो आणि वाट मिळाली की पुढं जातो. त्यातलंच एखादं कुत्रं एकटं समोर उभं राहिलं तर ते आपल्याला भटकं दिसतं. कारवानी कुत्रं पळण्यासाठीच घडलेलं असतं. निमुळतं तोंड, आत गेलेलं पोट, अंगावर चरबी नाही. लॅब्राडोर बघून सरावलेल्या डोळ्याला ते आजारी वाटतं.

मालक असो नसो, पाय तर दाखवायला हवा होता. आमच्या मागच्या आळीतली एक मुलगी शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते. खंबाटकी ओलांडली की शिरवळ, त्यामुळं सुट्टीला ती येऊन-जाऊन असते. तिला बोलावलं. ती आली ती थेट कुत्र्याकडं गेलीच नाही. त्याच्याकडं कूस करून खाली बसली, नजरेला नजर न देता, हात मांडीवर ठेवून. त्यानं मान लांब करून हुंगलं तरी हलली नाही. डोक्यावर वरून हात न्यायचा नाही, आधी हनुवटीखाली किंवा छातीला लावायचा, हे तिनं बोलता बोलता सांगितलं. ओठ वर करून हिरडी बघितली. गुलाबी हिरडी दाबली की पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोनएक सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे. पांढरीफटक हिरडी म्हणजे आतून रक्त जातंय किंवा रक्त फारच कमी आहे. तिथं मग भाकरी-ताकाचे लाड करत बसायचं नाही, आधी दवाखाना गाठायचा. याची हिरडी फिकट होती, पांढरी नव्हती.

उचलायच्या आधी मुसकं. बैलाला घालतात ते जाळीचं असतं, इथं माझी ओढणी कामाला आली. नाकाडावर एक सैल फास, दुसरा फेरा हनुवटीखाली, आणि टोकं कानामागं नेऊन गाठ. धाप लागलेल्या, ओकणाऱ्या किंवा तोंडाला मार लागलेल्या कुत्र्याला असं बांधू नये, श्वास कोंडतो. मी टोकं ओढत असताना आमच्या पाठीमागं कुणाच्या तरी हातातला रिकामा डबा पडला. त्या आवाजानं त्यानं मान झटकली आणि त्याचा सुळा माझ्या मनगटावर घासला. रक्ताची बारीक रेघ उमटली.

लगेच दोन बायका धावल्या. एकीच्या हातात हळद, दुसरी चुन्याची डबी शोधतेय. पलीकडून सूचना आली, "तिखट दाबा, वीख मरतंय." मी सरळ नळाखाली हात धरला आणि साबण लावून धूत राहिले. वाहतं पाणी आणि साबण, पंधरा मिनिटं. घड्याळ लावून बघा, पंधरा मिनिटं फार लांब असतात. पण रेबीजचा विषाणू साबणानं मरतो आणि जखमेतच जितका धुऊन जाईल तितका बरा. हळद, चुना, तिखट, तेल यांतलं काही लावायचं नाही, पट्टीही घट्ट बांधायची नाही.

सिव्हिलला केसपेपर काढला. पोटात चौदा इंजेक्शनं ही भीती अजून लोकांच्या मनातून जात नाही, मात्र ती पद्धत बंद होऊन वीस वर्षं उलटली. आता दंडाच्या कातडीत लस देतात: त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेलं असल्यामुळं जखमेच्या जागी सीरमही दिलं. लसीचा परिणाम व्हायला वेळ लागतो, तोवरचं संरक्षण सीरम देतं. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट होतं. "जरासं तर घासलंय" म्हणून जे लोक घरी बसतात, त्यांच्यापुढं मी हात टेकलेत. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की तिथं औषध चालत नाही, माणूस हाती लागत नाही.

कुत्र्याला नेलं ते पोत्यावरून. गिरणीत पोत्यांना तोटा नाही. तागाचं दुहेरी पोतं त्याच्या शेजारी पसरलं, हळूच त्यावर ओढून घेतलं, चार कोपरे चौघांनी धरले आणि छोटा हत्ती टेंपोत ठेवलं. मोडलेल्या पायाला बाहेर काठ्या बांधून बघण्याचा उद्योग आम्ही केला नाही. घरातली अंगदुखीची गोळीही दिली नाही, माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं जातात.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी खांद्यांच्या मधल्या भागावरून मायक्रोचिपचं यंत्र फिरवलं. तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली असली तर पंधरा आकडी नंबर उमटतो. केनेल क्लबकडं नोंदलेल्या जातिवंत कुत्र्यांना ती असते, म्हणून हरवलेलं वाटणारं कुत्रं यंत्राखालून नेणं शहाणपणाचं. इथं काही उमटलं नाही. दातांवरून वय तीन-चार वर्षं निघालं. एक्स-रेत हाडाला चीर दिसली, हाड सरकलेलं नव्हतं. बांधून दिलं की भरून येईल, पण पळणं बंद. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड इतके होते की हिरडी फिकट का, हे तिथंच कळलं. रक्त तपासलं तर गोचीडताप निघाला. त्यावरच्या गोळ्या चार आठवडे चालतात आणि कुत्रं दोन-तीन दिवसांत टवटवीत दिसायला लागलं तरी सोडायच्या नसतात. गोचीड बोटानं चिरडायचा नाही, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा, हेही तिथंच शिकले.

रेबीजची लस त्याला त्या दिवशी टोचली नाही. त्याचा दात मला लागला होता, म्हणून दहा दिवस नुसतं नजरेखाली ठेवायचं होतं. चावलेलं कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात. लस त्यानंतर. म्हणजे चावणाऱ्या कुत्र्याला मारून टाकणं किंवा कुठंतरी लांब नेऊन सोडणं यात चावलेल्या माणसाचंच नुकसान असतं. दहा दिवस बघायचं कुणाला?

गिरणीमागं रिकामी पोती ठेवायची खोली आहे, तिथं त्याला लांब दोरीवर ठेवलं. पीठ आणि कुत्रं यांच्यामध्ये दोन दारं राहतील अशी व्यवस्था केली, कारण पिठात केस सापडला तर गिऱ्हाईक तुटेल आणि ते बरोबरच आहे. तरी कुरकुर सुरू झालीच. गल्लीतल्या एका काकांनी येऊन सांगितलं, "वहिनी, सुप्रीम कोर्टानं कुत्री उचलायला सांगितलंय. तुम्ही उलट आत घेताय."

बातमी अर्धी ऐकली की असं होतं. ११ ऑगस्ट २०२५ला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा असा हुकूम झाला होता. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी, लस आणि जंतनाशक देऊन कुत्री जिथून आणली तिथंच सोडायची, पिसाळलेली किंवा अंगावर जाणारी तेवढी वगळून. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातली कुत्री काढून निवाऱ्यांत हलवायला सांगितलं. आमची गल्ली यांतल्या कशातच बसत नाही. आमच्याकडं लागू पडतात ते २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम, आणि त्यांचाही गाभा हाच की ऑपरेशन करून त्याच जागी परत सोडायचं. काकांना हे मी सांगितलं. काका म्हणाले, "मग ह्याला यवतेश्वरच्या घाटात सोडून या. तिथं माकडं हायत, काहीतरी खाईल."

"घाटात सोडून या" हा आमच्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे. घाटात सोडलेल्या कुत्र्याला पाणी कुठं आहे माहीत नसतं, तिथली कुत्री त्याला उभं राहू देत नाहीत, आणि ते रस्त्याकडेनं माघारी चालत सुटतं ते गाडीखाली येईपर्यंत. इकडं रिकाम्या झालेल्या गल्लीत, उकिरडा आहे तसाच असल्यामुळं, नवी कुत्री येतात, बिनखाचेची, बिनलसीची. जनावर उपाशीतापाशी मरेल अशा जागी टाकून देणं हा १९६०च्या कायद्यानं गुन्हाही आहे. त्याचा पहिल्या खेपेचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये लिहिलेला आहे. दहा रुपयांत आमच्याकडं धड पायलीभर दळण होत नाही. कायदा करणाऱ्यांना १९६० साली ती रक्कम मोठी वाटली असेल, पुढं कुणी तिला हातच लावला नाही.

काकांशी भांडण काढलं नाही. त्यांचा नातू लहान आहे आणि त्यांची भीती खोटी नाही. खोलीला कडी असते, फिरवताना मुसकं असतं आणि दहा दिवसांनी लस टोचणार, हे त्यांना नीट सांगितलं. नगरपालिकेत आणि पोलीस चौकीत अर्ज देऊन पोच घेतली: अशा वर्णनाचं कुत्रं अमुक ठिकाणी सापडलं, माझ्याकडं उपचारांसाठी आहे. मालक निघाला आणि "माझं कुत्रं चोरलं" म्हणाला, तर हा कागद उपयोगी पडतो. बाकी वेळी काका शांत राहावेत म्हणून दाखवायलाही उपयोगी पडला.

शोध सुरू केला तो फोटोनं. फोटो टाकताना एक काळजी घेतली: सगळं कुत्रं दाखवलं नाही. तोंड आणि डावी बाजू, बस्स. त्याच्या मागच्या एका पायाची दोन नखं पांढरी होती आणि उजव्या मांडीवर जुना डाग दिलेला होता. या दोन गोष्टी लपवून ठेवल्या. दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर एक जण आला. राजा नाव आहे म्हणाला, आमच्याच मळ्यातला म्हणाला, दोरीही बरोबर आणली होती. मी विचारलं, अंगावर खूण काय? "खूण कशाला? बघताच वळखलं." नखांचं विचारलं, तर सगळी काळी म्हणाला. मग थोडं इकडचं तिकडचं बोलल्यावर हळूच विचारलं, "ससं धरतंय का चांगलं?" तिथं सगळा उलगडा झाला. ससा मारणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तुम्हालाच आत बसवतील, एवढं सांगून त्याला चहा न पाजता वाटेला लावला. राखणीला द्या, पिल्लं काढायला द्या, असं म्हणणारेही बरेच आले. राखणीला म्हणजे शेडवर चोवीस तास साखळीला, हे मी जाणून आहे.

फोटो जिल्हाभर फिरला आणि मालक काही सापडेना. त्यातून वाट काढली ती आबांनीच. ते म्हणाले, "फोटु कुणाला धाडतीस? वाडा कुणाच्या रानात बसला हुता ते इचार." मेंढपाळ वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात, लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. म्हणजे ज्याच्या रानात ते बसले त्याच्याकडं त्यांचा फोन नंबर असतोच, पुढल्या वर्षी परत बोलवायचं असतं. आणि संगम माहुली, वाढे, क्षेत्र माहुलीपलीकडचे शेतकरी दळणाला कुठं येतात? मी फोटो टाकणं बंद केलं आणि डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, "यंदा रानात मेंढरं बसवली का कुणी?"

दळणातूनच नंबर मिळाला. माहुलीच्या एका आजींच्या रानात वाडा दोन रात्री होता. "तांबडं कुत्रं हुतं की," त्या म्हणाल्या, "माझ्या कोंबड्याकडं बघत बसायचं, पण धरलं न्हाई कधी." बोलता बोलता त्यांनी खंड्याची गोष्टही सांगितली. संगम माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं भुंकून वाघापासून महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं आमच्याकडं सांगतात. "राजाच्या कुत्र्याला पालखी," आजी म्हणाल्या, "आन धनगराच्या कुत्र्याला ट्रक."

नंबर लावला. पलीकडं वारा, मेंढरांचा आवाज आणि ओरडून बोलणारा एक तरुण माणूस. वाडा पाटणच्या अंगाला पोचला होता. मी काही न सांगता विचारलं, तुमचं एखादं जनावर मागं राहिलंय का? "कुत्रं ऱ्हायलं की ओ ताई! रातचं नाक्याजवळ टेंपोनं उडीवलं, अंधारात घावलंच न्हाई. सकाळी दोनदा माघारी जाऊन आलो." खूण विचारली. मांडीवरचा डाग त्यानं आधी सांगितला, लंगडत होतं म्हणून बापानं दिला होता. मग पांढरी नखं. मी म्हटलं, नावानं हाक मारा, स्पीकर चालू करते. नाव बाज्या. नावाला कुत्र्यानं फक्त कान हलवला. मग फोनमधून एक लांब शीळ आली, शेवटाला वर चढवलेली, आणि दोरी ताणून ते तीन पायांवर उभं राहिलं. इतके दिवस आमच्या घरात न भुंकलेलं कुत्रं असं काही केकाटायला लागलं की चक्की बंद करून लोक बघायला आले. यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा होता?

लगेच मात्र त्याला दिलं नाही. दहा दिवस पुरे व्हायचे होते, लस राहिली होती, आणि चिरलेलं हाड घेऊन घाटवाटेला मेंढरांमागं पळणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तो आला, कोकरं पोचवायला साताऱ्याला येणाऱ्या पिकअपमधून. बरोबर बापही होता. म्हाताऱ्यानं कुत्र्याच्या पायाची पट्टी चाचपली, मान हलवली आणि मला विचारलं, "किती झालं?" दवाखान्याचा आकडा सांगायची मला लाज वाटली, खरं तर आमच्या गल्लीत वर्गणी निघाली होती आणि घाटात सोडा म्हणणाऱ्या काकांनीही त्यात शंभराची नोट टाकली होती. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं नाही. पिकअपमधून बाजरीचं अर्धं पोतं उतरवून गिरणीत ठेवलं आणि वर दळून दे म्हणाला नाही, "राहू दे तुम्हास्नी," एवढंच.

पट्टी कधी काढायची, गोळ्या कधीपर्यंत द्यायच्या, हे शिरवळच्या मुलीनं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. लसीचं कार्ड मुलाच्या खिशात घातलं आणि दर वर्षी टोचायला लागतं हे दोनदा बजावलं. वाड्यावर आणखी कुत्री होती, एकालाही कधी लस नव्हती. रात्रभर लांडग्या-कोल्ह्यांच्या वाटेवर राहणारी कुत्री, आणि त्यांच्याच अंगावर लोळणारी वाड्यावरची पोरं. मला बाज्याच्या पायापेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटत होती. तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करा, मेंढरांना टोचायला जाल तेव्हा कुत्रीही घेऊन जा, असं मी सांगितलं. मुलगा हो म्हणाला. असे "हो" मी गिरणीत उधारीच्या वेळी पुष्कळ ऐकलेत.

पण त्यानं केलं. पाटणहून फोन आला, पट्टी काढली, पाय टेकतंय, अजून पळू देत नाही. बाकीची कुत्रीही टोचून घेतली. एक म्हातारी कुत्री तेवढी हाताला लागत नव्हती, सुई बघितली की मेंढरांत घुसायची. तिला धरायची कशी, हेच विचारायला त्यानं फोन केला होता.